यल्लव्वानं घातली

सृष्टीला त्या वेण्या घालायला मीच बसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी नवऱ्यावर, सासूवर आणि वेळ पडली तर देवीवरही तोंड सोडणार आहे. तेव्हा सुरुवात कुणी केली ते लक्षात असू द्या.

एप्रिल संपता संपता आम्ही गोव्याला गेलो होतो. लग्नाला दहा वर्षं झाली, पण आमची सुट्टी म्हणजे एक तर गाव, नाहीतर कुणाचं तरी जावळ. मी सोलापुरात एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासते. माझा नवरा धनाजी वीज खात्यात. उन्हाळ्यात त्याला रजा मिळत नाही. यंदा कशी कोण जाणे मिळाली. सोलापुरात पारा त्रेचाळीसवर गेलेला आणि आमची आठ वर्षांची सृष्टी समुद्रासमोर तोंड उघडं टाकून उभी. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "आई, हितं पाणी रोज येतं?" आमच्या नळाला चार दिवसांआड पाणी येतं, त्यामुळं तिचं काही चुकलं नव्हतं. आम्ही दोघं हसलो. त्या सहलीतलं ते हसू मला अजून जसंच्या तसं आठवतं.

दुसऱ्या दिवशी तिनं वाळूत एक गोरी मुलगी बघितली. डोकंभर बारीक वेण्या, टोकाला मणी, मान हलवली की खुळखुळ आवाज. झालं. "मला तसंच पाहिजे." धनाजी म्हणाला, "कशाला असली सोंगं?" मला तो शब्द लागला. माझ्या आईनं माझे केस तेल चोपडून, डोळे ताणले जाईपर्यंत ओढून, दहावीपर्यंत दोन वेण्यांत कोंबले. तुला कसे पाहिजेत असं मला कुणी कधी विचारलं नाही. मी म्हटलं, "घालू दे. चार दिवस मिरवेल बिचारी."

वेण्या घालणारी बाई साठीकडं झुकलेली होती. कमरेला मण्यांची पिशवी, हातात रंगीत लोकरीचे गुंडे. आमचं मराठी ऐकून तिनं विचारलं, "कुठल्या गं तुम्ही?" मी सोलापूर म्हटल्यावर तिचा चेहरा एकदम उजळला. "अय्यो, आमच्याच बाजूच्या की! मी विजापूरकडची." नाव विचारलं तर म्हणाली, यल्लव्वा. पावसाळ्यात गावाकडं, बाकीचं वर्ष वाळूत. सृष्टीला तिनं दोन गुडघ्यांत बसवलं आणि म्हणाली, "जडे घालते हां. हलायचं न्हाय."

"जडे म्हणजे?" सृष्टीनं विचारलं.

"आमच्या कन्नडात येणीला जडे म्हणतात, बाळा."

सृष्टीला तो शब्द इतका आवडला की परत येईपर्यंत ती दुसरं काही बोलली नाही. माझी जडे, माझ्या जडेला पाणी लागलं, जडेचा फोटो काढा. तिचे केस कमरेपर्यंत आणि दाट, थेट माझ्या सासूवर गेलेले. यल्लव्वाला दोन तास लागले. लाल-पिवळी लोकर गुंफून तिनं एक्केचाळीस वेण्या घातल्या. उठताना तिनं माझा हात धरून सांगितलं, "ताई, पंधरा दिवस. मग सोडायच्या. न्हायतर आत गुंता बसतो, मग कुणाच्या बापाच्यानं सुटत न्हाय." मी हो म्हटलं. मोबाईलवर शूटिंग चाललं होतं, त्यात माझं ते 'हो हो' ऐकू येतं. पुढं मी ते किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही.

परत आल्यावर माझी रजा संपलेली. दर वर्षीप्रमाणं मे महिनाभर सृष्टी गावी जायची होती. गाव मंगळवेढ्याच्या दक्षिणेला, पार कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं माझे सासू-सासरे राहतात. सासूला मी आत्या म्हणते आणि सासऱ्यांना मामा. केराबाई आणि येडू. त्यांची चाळीसेक मेंढरं, थोडी जिरायत आणि खायला उठणारा उन्हाळा. आत्याला साखरेचा आजार, रोज सकाळी-संध्याकाळी सुई घ्यावी लागते. सुईची बाटली ती माठाच्या खाली ओल्या वाळूत पुरून ठेवते, कारण फ्रीज असून लाईट नसते. धनाजी सृष्टीला सोडायला निघाला तेव्हा मी दारातून ओरडून सांगितलं, "आत्याला सांगा, पंधरा दिवसांनी वेण्या सोडायच्या." तो हो म्हणाला आणि विसरला. आम्ही दोघं नवरा-बायको हो म्हणण्यात पटाईत आहोत.

पंधरा दिवसांनी मला आठवलं. फोन केला. आत्या म्हणाली, "सोडती की आज." दोन दिवसांनी परत केला तर म्हणाली, "हाय की, बरं हाय समदं." आवाज वेगळा वाटला, पण माझ्यापुढं डेंग्यूच्या तपासण्यांची रांग होती. आत्याचा फोन बटणांचा, त्यात चेहरा दिसत नाही. सृष्टी फोनवर यायची ती दोन शब्दांपुरती. जेवलीस का? हो. खेळतेस का? हो. मला वाटलं, रमली.

जूनच्या पाच तारखेला लॅबमध्ये मामांचा फोन आला. मामा कधी फोन करत नाहीत. फोन म्हणजे ओरडून बोलायची वस्तू असा त्यांचा समज आहे, पण त्या दिवशी ते कुजबुजत होते. "सूनबाई, पोरीला घिऊन जावा. डोस्कं वास मारतंय तिचं." मी काय झालं विचारलं तर म्हणाले, "म्या सांगितलं म्हणून सांगू नगा," आणि फोन ठेवला.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली. मंगळवेढा मागं पडल्यावर धनाजीनं एका बाभळीखाली मोटारसायकल थांबवली. मला वाटलं पंक्चर. तो म्हणाला, "सकाळी आईला फोन केला होता. सृष्टीला जट आलीया म्हणती."

तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगते. केसांचा गुंता होऊन त्याची दोरीसारखी लड झाली की तिला जट म्हणतात. आमच्या भागात समजूत अशी, की ती आपोआप येत नाही, यल्लम्मा देवी धाडते. मग त्या केसांना फणी लावायची नाही, पाणी लावायचं नाही. कात्री तर लांबच. आणि मुलीला आली, तर ती मुलगी देवीची झाली. तिचं लग्न होत नाही. पूर्वी तिला देवीला सोडत. आता कायदा आहे, आता सोडत नाहीत. नुसतं घरात ठेवतात आणि आयुष्याचं मातेरं करतात.

"आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? बाभळीखाली?"

"ऐक ना. आईच्या थोरल्या बहिणीला आली होती लहानपणी. आईच्या बापानं कापली. दीड महिन्यात त्याला पान लागलं, साप चावला, मेंढरांमागं. आई तेव्हा सृष्टीएवढी होती. तिच्या मनातनं ते जात न्हाय." मग म्हणाला, "जो कापतो त्याला ती नेती, असं धरतात."

"तुम्ही धरता?"

त्यानं किक मारली. शिकलेला माणूस, हजारो व्होल्टच्या तारांखाली उभा राहतो, आणि मला त्याच्या गप्प बसण्याचा असा राग आला की उरलेला रस्ता मी त्याच्या खांद्याला हात लावला नाही.

सृष्टी अंगणात लिंबाखाली घोंगडीवर बसली होती. हातभर हिरवा चुडा, कपाळ हळदी-कुंकवानं भरलेलं. समोर नारळ, दोन डझन केळी, कुणीतरी ठेवलेला ब्लाउजपीस. शेजारची एक बाई तिच्या पाया पडून उठत होती. माझ्या पोरीच्या पाया. आणि डोक्यावर, मागच्या बाजूला, नारळाएवढा एक पिवळा गोळा. वेण्यांच्या आत केस वाढले, घाम, धूळ, तेल, हळद, सगळं त्या लोकरीत बसलं आणि एक्केचाळीस वेण्यांची एक गाठ झाली होती. गोव्याचे मणी अजून त्यात होते. तिनं मान हलवली तर आता आवाज आला नाही.

मला बघून ती पळत आली नाही. "आई, लांब बस," म्हणाली.

मी आत्याकडं वळले. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आत्यानं ऐकून घेतलं. ती वाईट बाई नाही, हे मला त्या क्षणीही माहीत होतं, म्हणून तर जास्त संताप झाला. घडलं होतं ते असं. पंधरा दिवसांनी आत्या वेण्या सोडायला बसली. मागच्या बाजूला गुंता हाताला लागला, पोर रडायला लागली. आत्या घाबरली आणि तिनं शेजारच्या वाडीतल्या अक्कम्माला बोलावलं. अक्कम्मा जोगतीण, म्हणजे लहानपणी देवीला सोडलेली बाई. तिच्या स्वतःच्या डोक्यावर साठ वर्षांची जट आहे, कमरेखाली गेलेली. तिनं गुंता चाचपला आणि पोरीलाच विचारलं.

"काय गं हे?"

"जडे," सृष्टी म्हणाली.

कन्नडमध्ये वेणी म्हणजे जडे, आणि जट म्हणजेही जडेच. अक्कम्माची भाषा कन्नड. आत्याचं माहेर हद्दीपलीकडचं.

"कुणी घातली?"

"यल्लव्वानं."

"कुटं?"

"पाण्याकडंला. लई मोठं पाणी होतं."

आमच्याकडं देवीलाही यल्लव्वाच म्हणतात. पोरीनं एकही शब्द खोटा सांगितला नाही. आत्यानं तिथंच तिच्यापुढं डोकं टेकलं.

मला एवढं कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, जीव हलका झाला. मला वाटलं, एवढंच ना? मी पर्समधून मोबाईल काढला, आत्याला आणि मामांना जवळ बोलावलं. वर्दी लागल्यासारखी अक्कम्माही दारात येऊन उभी राहिली होती. मी शूटिंग लावलं. "ही बघा यल्लव्वा. विजापूरकडची बाई आहे. वेण्या घालते. लोकर बघा, मणी बघा. आणि हे ऐका." मोबाईलमधून यल्लव्वा म्हणाली, जडे घालते हां, हलायचं न्हाय. शेवटी तिची ताकीद आली आणि माझं हो हो आलं. मी विजयानं सगळ्यांकडं बघितलं.

आत्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं करंड्यातलं कुंकू बोटावर घेतलं, मोबाईलच्या काचेवर यल्लव्वाच्या कपाळाला लावलं आणि हात जोडले. "कुटल्या रूपात यील सांगता यील का, पोरी? गोव्यापातूर आली बया."

पुरावा दाखवला तर त्याची पूजा झाली. आता बोलण्यात काही राम नव्हता. मी सृष्टीजवळ गेले, ती लांब बस म्हणत असतानाच तिला धरलं आणि तो गोळा कडेनं उचलून बघितला. आत उवा होत्या. कातडी ओली, दोन ठिकाणी पू. रोज पू बघते मी, बाटल्यांत, पट्ट्यांवर, पण हा माझ्या पोरीच्या डोक्यात होता. "दुखतंय का गं?" तिनं मान हलवली. "मग फोनवर का नाही सांगितलंस?"

ती आजीकडं चोरून बघत म्हणाली, "सांगितलं असतं तर तू कापली असतीस. कापली की तू मरशील."

पोर महिनाभर पू आणि उवा डोक्यावर घेऊन गप्प बसली होती, माझ्यासाठी. मी आत्याकडं बघितलं. ती म्हणाली, "खरं त्येच सांगितलं गं मी तिला. इचारीत हुती, आई कवा सोडवंल म्हणून."

मी पर्समधली कात्री काढली. लागली नाही, तेल-हळदीनं ते चामड्यासारखं झालं होतं. आत्यानं माझे पाय धरले. "कापू नगंस. तुज्या पाया पडते. एक बाप गेलाय माजा." मी पाय सोडवून घेतले. सासूचे हात पायावरून झटकले मी. तेही लिहून ठेवते.

मामा आत गेले आणि मेंढरं कातरायची कातर घेऊन आले. चाळीस वर्षं त्यांनी त्या कातरीनं लोकर उतरवली आहे. कोकराला धरतात तसं त्यांनी सृष्टीला मांडीवर आडवं घेतलं, एक हात तिच्या कपाळाखाली. पण कातर चालवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती परत मिटली. धनाजी फाटकाबाहेर पाठ करून उभा होता. मी कातर मामांच्या हातून घेतली. "मीच कापते. न्यायचं असेल तर मला नेऊ दे."

सृष्टी जी ओरडली ती नको, तू मरशील, नको, तू मरशील, एवढंच. तिच्या तोंडावर हात ठेवता आला असता तर बरं झालं असतं, पण माझे दोन्ही हात गुंतले होते. आत्या माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली, पदर पसरला आणि आभाळाकडं बघून म्हणाली, "बया, घ्यायचंच आसंल तर मला घे. माज्या सुनंला सोड. मला घे." गोळा एका बाजूनं सुटत आला, मग पूर्ण सुटला आणि घोंगडीवर पडला. आत्या म्हणतच होती.

अक्कम्मा इतका वेळ दारात उभी होती. तिनं शाप दिला असता तर मी दोन शिव्या हासडायला तयार होते. ती जवळ आली, खाली पडलेल्या केसांकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या कातरीकडं. "मला आली तवा मी सात वर्साची हुती," ती म्हणाली. "माजी आई न्हाय आली कातर घिऊन." आणि स्वतःची जट खांद्यावर घेऊन निघून गेली.

सोलापुरात डॉक्टरांनी सृष्टीचं उरलेलं डोकं भादरलं, मलम दिलं, म्हणाले आठवड्याभरात जखमा भरतील. भरल्या. पण ती मला नजरेआड होऊ देईना. मी आंघोळीला गेले की दाराबाहेर बसायची आणि दर मिनिटाला "आई?" म्हणायची. मी "ओ" म्हटलं की गप्प. भाजी चिरताना सुरी माझ्या हातातून काढून घ्यायची. मी म्हणायचे, बघ, मला काय झालंय? धडधाकट आहे. ती म्हणायची, अजून दिवस आहेत.

मी गावी फोन केला नाही. माझा राग गेला नव्हता. धनाजी रोज करायचा, आई बरी आहे म्हणायचा. मी विचारायलाही तयार नव्हते. एरवी मी दर दोन दिवसांनी आत्याला विचारते, सुई घेतली का, काय खाल्लं. सुनेपेक्षा लॅबवालीच जास्त आहेस, असं ती हसून म्हणायची.

दहाव्या दिवशी मामांनी तिला जीपमध्ये घालून सोलापूरला आणलं. आत्यानं कातर चालली त्या दिवसापासून अन्न सोडलं होतं आणि सुईही सोडली होती. मामांना वाटलं उपास आहे. माठाखालची वाळू त्यांनी उकरली तर बाटली भरलेली. तिचं रक्त आमच्याच लॅबमध्ये आलं. नळीवर नाव वाचलं, केराबाई येडू, आणि मशीनमध्ये लावलं. साखर पाचशे ऐंशी. मी परत लावलं. पाचशे ऐंशीच.

अतिदक्षता विभागात मला पाच मिनिटं सोडलं. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या. मी म्हटलं, "आत्या, सुई का नाही घेतली? का असं केलं?" तिनं माझा हात शोधला. "आता तुला काय हुत न्हाय," ती म्हणाली. "मी बोललीया तिच्यासंगं. ठरलंय आमचं." तिच्या तोंडावर समाधान होतं. मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं आणि तिच्या कुशीत शिरावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच केलं नाही, नर्स बोलवायला आली. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या गेली.

मी सगळ्यांना समजावलं. साखर वाढली, शरीरातलं पाणी गेलं, मूत्रपिंडं थांबली. औषध बंद केलं की असंच होतं, यात देवीचा काय संबंध. सगळ्यांनी माना हलवल्या. गावाकडं दहाव्याला बायका माझ्याकडं बघत होत्या आणि मी बघितलं की नजर खाली घालत होत्या. केराबाई सुनेसाठी गेली, हे त्यांच्यात पक्कं झालं होतं. आणि खरं सांगू? चुकीचं नव्हतं. देवी वजा करा, तरी आत्या माझ्यासाठीच गेली. तिला सुई घे म्हणून सांगणारी मी एकटीच होते आणि मी दहा दिवस फुगून बसले होते.

सृष्टीला आम्ही दहाव्याला नेलं नाही. आजी आजारानं गेली, एवढंच सांगितलं. तिनं ऐकलं, काही विचारलं नाही, रडलीही नाही. त्या दिवसापासून बाथरूमच्या दाराबाहेर बसणं मात्र बंद झालं. मला वाटलं, चला, एवढं तरी सुटलं. शाळा सुरू झाली. टोपी घालून जायची, मग टोपी सुटली. दिवाळीपर्यंत केस कानावर आले. ती स्वतःच विंचरायची, मला हात लावू द्यायची नाही. मी म्हटलं, महिनाभर सगळ्या गावानं हात लावलाय, आता नकोसं वाटत असेल.

परवा रविवारी, डिसेंबरचं ऊन गॅलरीत आलं होतं, ती अभ्यास करता करता वहीवर डोकं ठेवून पेंगली. फ्रॉकची कॉलर मागं सरकली होती. मानेपाशी, केसांच्या अगदी खाली, मला चिंचोक्याएवढी गाठ दिसली. मी बोट लावलं. टणक. केस एकमेकांत पिळून, वर डिंक लावून, लाल लोकरीच्या तुकड्यानं आवळलेले. हळदीचा वास. मधोमध एक निळा मणी होता. गोव्याचा. तो गोळा मी त्या दिवशी घोंगडीवर टाकून आले होते. त्यातला हा एक तिनं कधी उचलला, कुठं लपवून ठेवला, देव जाणे.

ती जागी झाली. माझं बोट तिथंच होतं.

"काय गं हे?"

"जडे."

"कुणी घातली?"

"मीच," सृष्टी म्हणाली. मग मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "तिची होती ना, आई. आपण काढून घेतली. आता मी तिला परत देतेय. आजीला नेलं तिनं, पण ते तर आजीनं मागितलं म्हणून. तुझी पाळी अजून राहिलीच आहे."

मी पुष्कळ बोलले. साखर, मूत्रपिंडं, माठाखालची बाटली, सगळं पहिल्यापासून. गोव्याची यल्लव्वा साधी बाई आहे, जानेवारीत आपण तिला भेटायला जाऊ, तूच विचार तिला. सृष्टी शहाण्या मुलीसारखी ऐकत होती. शेवटी मी आत गेले, कात्री आणली आणि तिच्यामागं बसले. गाठ बारीक होती, एका कापात सुटली असती. यावेळी ती ओरडली नाही, हललीही नाही. यल्लव्वासमोर बसली होती तशी ताठ बसली.

मी गाठ चिमटीत धरली तेव्हा मला तिचे ओठ हलताना दिसले. तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी पुढं पसरला होता आणि गॅलरीबाहेरच्या आभाळाकडं बघत ती हळूच म्हणत होती, "बया, घ्यायचंच आसंल तर मला घे. माझ्या आईला सोड. मला घे."

कात्री माझ्या हातात तशीच राहिली.